पेनहॅलोचे सुळे

माझा बाप कवळ्या करायचा.
खडे बाजारात, सायकलच्या दुकानावरच्या माडीत.
पाटीवर एक गुलाबी हिरडी रंगवलेली,
खाली दोन लिप्यांत एकच शब्द: दात.

कॅम्पातल्या ग्लोरिया टॉकीजला रविवारी सकाळी
इंग्रजी भुताचा खेळ असायचा.
सुट्टीवरचे जवान, मिसा चुकवून आलेली पोरं,
आणि तिसऱ्या रांगेत बाप,
त्याच्या मांडीवर मी, डोळे मिटून.

ऑब्री पेनहॅलो जिना उतरायचा.
काळा डगला, आत लाल अस्तर,
एक केस इकडचा तिकडे नाही.
बायका किंचाळायच्या, जवान शिट्ट्या मारायचे.
बाप पुढे वाकून म्हणायचा,
"वरची सैल हाय गे त्याची.
बघ की, स आला की ओठ दाबतोय."

ओठ दाबतो म्हणून तो कमी बोलतो,
कमी बोलतो म्हणून माणसं जास्त भितात.
एवढं बापाला एका खेळात कळलं.
जाणकारांनी हेच लिहिलं, पुष्कळ वर्षांनी,
जाड पुस्तकात, 'मौनाचं सौंदर्य' वगैरे म्हणून.

मग त्यानं अंधारात बोटांनी माप घेतलं,
चार रविवार.
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात, कापसात,
दोन सुळे पाठवले लंडनला.
डिमेलो टायपिस्टनं पत्र टाइप केलं, दीड रुपया घेतला:
'महाशय, हे घट्ट बसतील.
सवयीसाठी रोज मोठ्यानं म्हणावे:
साठ, सासू, सांबरा, सौंदत्ती.'

सात महिन्यांनी उत्तर आलं.
तोवर आई त्या दीड रुपयावरून
बोलायची थांबली होती.

पेनहॅलोनं लिहिलं होतं
की नऊ वर्षं तो गावोगाव राजपुत्र झाला,
उभ्या पावसात, निम्म्या रिकाम्या नाट्यगृहांत,
तेव्हा त्याला एकही पत्र आलं नाही.
मग एका हिवाळ्यात भाडं थकलं
आणि त्यानं शवपेटीत झोपायला होकार दिला.
'आता पत्रं पोत्यानं येतात.
दातांबद्दलचं हे पहिलंच.
यांत मला स्पष्ट बोलता येतं,
पण दिग्दर्शक म्हणतात, गप्पच बरा.
म्हणून जेवताना लावतो, हॅरल्डला हसवायला.'

हॅरल्ड म्हणजे हॅरल्ड क्रॉम,
दर चित्रपटात याच्या छातीत खुंटी ठोकणारा प्रोफेसर.
शेजारीच राहायचा. घेवडा लावायचा.
बापाला याचं फार नवल.
"ठोकतोय बी तोच, भाजी देतोय बी तोच."

पुढे नव्या पोरांना जुनं रक्त खोटं वाटू लागलं.
ग्लोरियाचं मंगल कार्यालय झालं.
पेनहॅलो घशाच्या गोळ्यांच्या जाहिरातीत दिसला, एकदाच.
मग पेपरात चार ओळी:
उंची, डगला, पडद्यावर चौदा वेळा मृत्यू,
खरा पंधरावा.
सुळ्यांचा उल्लेख नव्हता. बापानं दोनदा वाचून पाहिलं.

साचा मात्र फळीवर राहिला.
कडोलीच्या जत्रेतल्या नाटकातला राक्षस
त्यातूनच दात करून घेऊन गेला, तो मराठीत गर्जला.
हुक्केरीची मंडळी आली, त्यांचा कन्नडात.
त्या साली आमच्या पाटीवर आधी एका लिपीला डांबर लागलं,
महिन्याभरात दुसऱ्या.
हिरडी तेवढी गुलाबी राहिली,
गिऱ्हाईक बरोबर वर चढायचं.

आता माडीवर मी बसते.
काल मुचंडीची एक म्हातारी आली,
नवी कवळी, डोळ्यांत पाणी, बोलायला लाजत होती.
आरसा दिला. म्हटलं, मावशी, म्हणा माझ्यामागून.
साठ. सासू.
ती हसली सासूला.
सांबरा, सौंदत्ती.

आणि कुठल्याशा समुद्राकाठच्या गावात
उकडलेल्या घेवड्याच्या ताटावर वाकून
तो उंच माणूस, सुळे लावून,
स्वच्छ, एकही स न सांडता, म्हणतोय
सौंदत्ती,
आणि हॅरल्डच्या हातातला काटा खाली पडतोय.