नासलेलं लाकूड

होजाईत खिळे किलोवर मिळतात,
झाडांसाठी.
सहा वर्षांच्या खोडात वीत-वीत अंतरावर ठोकायचे,
मग वाट बघायची
झाड नासायची.

न नासलेलं सरपणात जातं.

सफिकुन छिन्नीनं पांढरं खरवडते,
काळं तेवढं ठेवते.
महिनाभर भिजलेल्या भुशाला आंबूस,
गोठ्यासारखा वास.
भट्टी रात्रभर ढणढणते.
पहाटे पाण्यावर नखभर तेल;
ती तळव्यानं टिपते,
बाटलीच्या काठाशी हात निरपते.

शारजातून मुलाचा फोन:
“काल एका दुकानात फरशी पुसत होतो, अम्मा.
सगळं काचेचं, थंडगार.
आणि आपल्या परसातल्या पिंपांचा वास!
किंमत नाही विचारली.”

“बरं केलंस,” ती म्हणाली
फोन खांद्याशी दाबून,
आणि हाताला राहिलेलं
शेळीच्या पाठीला पुसलं.