तग्गु

पाळक म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारचं वाचन तुम्ही करा.
कन्नडमध्ये."
मी हो म्हटलं. लगेच म्हटलं,
म्हणताना थोडी मान झुकवली
आणि ती कुणाकुणाला दिसली तेही पाहून घेतलं.

निपाणीच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं.
न आणि ण यांतला फरक मी छडीनं शिकवलाय.
पोस्टाची पाटी बदलली तेव्हा
दोन महिने त्या दारातून आत गेले नाही,
कन्नडमध्ये पत्ता विचारणाऱ्याला
कळलं तरी कळलं नाही म्हणून सांगितलं.
आता आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा,
अकरा माणसं,
त्यांतली तीन माझ्याच घरची.

शिकवायला आली सुवार्ता. पाचवीतली.
तिची आई मार्थक्का घरी विड्या वळते.
पोरीच्या फ्रॉकला तंबाखूचा वास,
मला पहिल्याच दिवशी सलग सात शिंका.
तिनं उठून पाणी आणून दिलं,
माझ्याच घरात, माझ्याच तांब्यातलं.
तो तांब्या मी नंतर वेगळा ठेवला नाही.
ठेवावा असं मनात आलं होतं.
हे फक्त इथं लिहिते.

"ळ उभा काढा की ओ बाई. तुमचा निजलाय."
माझा ळ!
मी चुकले की ती हसत नाही.
हसली असती तर बरं झालं असतं,
मला रागावता आलं असतं.

तिसऱ्या ओळीत अडले.
तग्गिसिकोळ्ळुववनु.
आठ अक्षरं, मध्ये कुठं श्वास घ्यायला जागा नाही.
मराठीत मला तो शब्द पाठ आहे, नम्र,
साठ वर्षं तोंडात ठेवून चव गेलेला,
लिमलेटची गोळी उरते तसा.
"याचा अर्थ काय गं?" मी विचारलं,
परीक्षा घेतल्यासारखं.
ती विचारात पडली,
मग हाताला धरून मला दारापर्यंत नेलं.
"तग्गु म्हणजे ते बघा, नळाजवळचं.
जिथं रिक्षा अडकते.
सगळ्या गल्लीचं पाणी तिथंच येऊन बसतंय."
एक कुत्रं त्यातलं पाणी पीत होतं,
मागचा दुखरा पाय वर धरून.

रविवारी उभी राहिले.
साडी साधी. मुद्दाम शोधून काढलेली साधी.
दोन ओळी गेल्या, मग आला तो.
पंख्याचा आवाज ऐकू येईपर्यंत मी थांबले.
सदानंद कोलकार, ज्याला 'पानी' म्हटला म्हणून
तासभर बाकावर उभं केलं होतं,
आता चर्चचा खजिनदार,
पुस्तकातल्या शब्दावर बोट ठेवून
माझी वाट बघत होता.
तिसऱ्या बाकावर सुवार्ताचे ओठ हलत होते.
तग्. गि. सि.
मी तिच्या तोंडाकडे बघून वाचलं,
पुस्तकाकडे नाही.

दारात पाळकबाई म्हणाल्या,
"या वयात! किती नम्र ओ तुम्ही!"
झालं.
घर येईपर्यंत ते वाक्य मी चारदा ऐकलं,
चारही वेळा माझ्याच आवाजात,
आणि पाचव्यांदा ऐकताना
नळाजवळ चप्पल रुतली.
भांडी घेऊन उभ्या बायकांनी पाहिलं.
त्या हसल्या. मला हसू आलं नाही.
तेवढं अजून जमत नाही.

सोमवारी ती आली तेव्हा
मी पेन्सिलीला टोक काढून बसले होते.
एक ळ काढला, दुसरा काढला.
तिनं बोटाला थुंकी लावून दोन्ही पुसले,
कागद जरा फाटला.
"परत काढा," म्हणाली,
अगदी माझ्या जुन्या आवाजात.