शून्य कुठे लिहायचं

जाळ्यांच्या गोदामावरची ही खोली.
जमिनीवर मी निळी चिकटपट्टी लावून रेषा आखल्यात,
कोपऱ्यात माझ्याच घरच्या झाडूचा दांडा.
क्लाक्सविकच्या खाडीवर पाचलाच अंधारलंय.
फेब्रुवारी. जुलैची शर्यत अजून लांब आहे.
दहा वल्ह्यांची होडी, दहा माणसं,
एकेक करून जिना चढतात, ओले बूट दाराशी काढतात,
मोजा फाटका निघाला की अंगठा मुडपून घेतात.

दांडा डोक्यावर धरा. पाय खांद्यांइतके फाकवा.
आता बसा. खाली. अजून खाली.
टाचा उचलतात, गुडघे आत कलतात,
आणि तेवीस वर्षांचा बाइनिर,
माशांची भरलेली पेटी एकट्याने ट्रकवर चढवणारा,
झाडूच्या दांड्याखाली लटपटतो.
मी लिहिते: एक.

तीन म्हणजे नीट.
दोन म्हणजे जमलं, पण दुसऱ्या सांध्याकडून उसनं आणून.
एक म्हणजे नाही जमलं.
आणि शून्य म्हणजे दुखलं;
कितीही सुरेख केलंत तरी, दुखलं की शून्य.
सुरुवातीलाच मी हे स्पष्ट सांगते.
म्हणून इथे कुणाचंच काही दुखत नाही.

आता उताणे पडा.
पोट आत ओढू नका, ते फोटोसाठी ठेवा.
श्वास खाली जाऊ द्या, कुशीत, पाठीत,
पिठाची पिशवी आपटून बसवावी तसा सगळीकडून भरू द्या.
आता उजवा हात, डावा पाय, हळूच लांबवा.
तुमची कंबर आणि जमीन यांच्यात
माझं बोट शिरता कामा नये.
उलथलेल्या झुरळासारखे दहाही जण हातपाय हलवतात, हसतात,
आणि हसताना बोट शिरतंच.
कंबर कसणं म्हणजे दातओठ खाणं नाही,
मी दहा वेळा सांगते. दहा वेळा ते मान डोलावतात.

त्रोंदुर शेवटी आला.
सातव्या बाकावरचा. सव्वीस उन्हाळे तोच बाक.
तीन. तीन. दोन. तीन.
दुखतं? नाही.
कोपरावर आडवा, कुशीवर उचललेला, बावन्न सेकंद,
किनाऱ्यावर कलती ओढून ठेवलेली होडी जशी.
श्वास घ्या, त्रोंदुर.
घेतोय, म्हणाला.
घेत नव्हता.

एकोणीस. एकवीसपैकी.
आजचा सगळ्यात चांगला कागद.

मी चिकटपट्टी उखडत होते. तो दाराशी बूट घालत होता.
खाली वाकला नाही. पाय पायरीवर टेकवला,
डावा हात चौकटीवर,
आणि एका हातानेच बुटाची नाडी आवळली,
अंधारातही जाळ्याला गाठ मारणारी ती बोटं
दोनदा चुकली.
ओठ पांढरे. एक गाठ पुरी होईतो
जिन्यात कुणीच श्वास घेतला नाही,
त्यानेही नाही, मीही नाही.

मला हे माहीत आहे.
बायकांच्या सहा वल्ह्यांच्या होडीत असताना
एक अख्खा उन्हाळा मी दुखणं अंगावर काढलं,
पोटात ठेवलं, आईलाही सांगितलं नाही,
आणि सप्टेंबरात एका सकाळी
कॉफीची किटली उचलता येईना.

कागदावर सात चौकोन आहेत.
बूट घालण्याचा चौकोन नाही.
सुकाणूवाल्या हानुसला उद्या दुपारी यादी हवी आहे,
आणि हानुस एकोणीस बघेल, बाकी काही बघणार नाही.

पेन तसंच हातात घेऊन मी जिना उतरले.
बाहेर धुकं, मीठ, कुणाच्या तरी पडवीतून
वाळत्या मटणाचा वास.
तो गाडीचं दार उघडून उभा होता,
आत बसायचं कसं, याचा विचार करत.

उद्या सकाळी सातला या, मी म्हणाले. एकटे.
पुन्हा झाडू?
नको. नुसते बूट घालून या.
कशाला?
नाडी बघायची आहे.

तो हसला नाही.
किती वाजता म्हणालीस, त्याने विचारलं.