काचेतला गवई

पाचगणीच्या बाजारात, चपलांच्या दुकानाला खेटून
केकीशेठचं पार्लर. चौऱ्याऐंशीचा सीझन.
मी गोडवलीहून चालत यायचो,
काचा पुसायला, सुटे पैसे द्यायला.

मशिनं चार. तिघांवर घोडे, मोटारी, असलंच काहीबाही.
चौथ्यावर तो:
केस खांद्याखाली, छाती उघडी,
गिटार अशी कवटाळलेली
की सावकारच दारात उभा असावा.
नाव इंग्रजीत, वेलांट्यांनी गिचमिडलेलं.
आम्ही म्हणायचो, गवई.

खालच्या फळीवरही तोच, उताणा रंगवलेला.
स्प्रिंग ताणून सोडली की गोळी
त्याच्या कपाळावरून, गळ्यावरून
उतरत यायची पायथ्याला,
आणि तीन घंट्या वाजायच्या:
एक टिंग, एक टंग,
एक जाड, ओल्या आवाजाची.

दुरुस्तीला वाईहून इलाही मुजावर.
फ्लिपरच्या रबराला त्यानं सायकलची ट्यूब कापून लावली.
गवयाच्या डाव्या डोळ्यामागचा बल्ब गेला
तर गणपतीच्या माळेतला लाल बसवला,
थेट, मधल्या कुठल्याच वायरीला न विचारता.

रविवारी बोर्डिंगची पोरं यायची, मशीन गदागदा हलवायची.
फार हलवलं की टिल्ट.
सगळं गप्प, सगळं काळं,
लाल डोळा तेवढा जागा.
टिल्ट: मी वाचलेला पहिला इंग्रजी शब्द.
इलाही म्हणायचा,
ढकल रे, पण त्याला कळू देऊ नकोस.

एका पोरानं एकदा टेपरेकॉर्डर आणला.
ऐक, तुझा गवई.
ढोल बडवल्यासारखं काहीतरी, वर आरडाओरडा.
मी अख्खी एक बाजू ऐकली, हात पुसत, मुकाट.
म्हटलं, हा नव्हे.
पोरं पोट धरून हसली.
पण खरंच, हा नव्हता.

केकीशेठ गेले. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
तीन महिन्यांच्या थकल्या पगारापोटी
गवई माझ्याकडे आला, टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून.
स्ट्रॉबेरीच्या शेडमध्ये असतो.
तोंडाचा रंग उडालाय. वर क्रेट रचतो आम्ही.

काल पुण्याहून एकजण आला.
काच ओरिजिनल का? पाय ओरिजिनल का?
हा लाल बल्ब तर नक्कीच नाही,
तो बदलावा लागेल, म्हणाला,
आणि एक आकडा म्हणाला,
ज्यात धाकटीची नर्सिंगची फी बसली असती.

मी क्रेट उतरवले. प्लग लावला.
टिंग वाजली, टंग वाजली.
जाड घंटी काही बोलली नाही.
म्हटलं, साहेब, आधी एक डाव तर खेळा.

पहिल्याच गोळीला त्यानं दोन्ही हातांनी
असा काही दणका दिला, की सगळं विझलं.
लाल डोळा तेवढा
त्याच्याकडे बघत राहिला.

वायरिंग चुकलंय, तो म्हणाला.
म्हटलं, असेल.