एकशे अठ्ठावीस

खुशाल भेंडारकरनं दोन वस्तू आणल्या:
दुपट्ट्यात बांधलेली एक टेप
आणि मोबाइल.
टेपेत त्याचा बाप इस्तारी, लुगडं नेसून नाचतो,
दोन हजार चारची मंडई.
मोबाइलमध्ये खुशाल, तेच लुगडं,
औंदाची.
"दोघंही एकाच पडद्यावर पायजेत, भाऊ.
बाजूबाजूनं. एकाच ढोलकीवर."

लाखनीला बसस्टँडमागं
टायपिंग क्लासच्या माडीवर माझी खोली.
लग्नं कापतो मी, बारशी, मास्तरांचे निरोपसमारंभ.
हे असलं पहिल्यांदाच आलं.

आधी वेळ.
टेपेवरचा वेळ तीनदा शून्यापासून सुरू होतो.
कॅमेरावाल्यानं बॅटरी बदलली, शून्य.
कॅसेट काढून पुन्हा घातली, शून्य.
एका रात्रीत इस्तारी तीनदा उजाडतो
आणि मशीन विचारतं, यातला पहिला कोणता.

बापाच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं,
पोराच्या सेकंदात तीस,
तीही पुरती नाहीत, केसभर कमी.
म्हणून त्याचं घड्याळ
दर मिनिटाला दोन आकडे गाळतं,
दहाव्या मिनिटाला मात्र गाळत नाही.
खुशाल घाबरला.
"माहा नाच तं नाही ना गेला त्याच्यात?"
म्हटलं, चित्र एकही जात नाही, नुसते आकडे.
पंचांगात क्षय तिथी असते ना,
पंचमीच्या मागोमाग सप्तमी.
षष्ठी गळाली म्हणून
त्या दिवशी धान निसवायचं थांबतं का?
"हाव, असं सांग ना बाप्पा."

आकड्यांवर जुळेना, म्हणून कानावर जुळवलं.
ढोलकीवाला दोन्हीकडं तोच, झिंगरूजी,
फक्त वीस वर्षांनी थाप जड झालेली.
पहिल्या थापेला थाप लावली,
तरी दर चौथ्या गिरकीला
पोर बापाच्या पुढं निघून जायचा.

मग रुंदी.
बापाची चौकट बसायच्या पाटासारखी, ऐसपैस.
पोराची, दाराच्या फटीतून पाहावं तशी उभी.
माझा पडदा धुऱ्यासारखा आडवा.
उंची सारखी केली आणि मोजलं:
बाप चौदाशे चाळीस,
पोर सहाशे आठ,
पडदा एकोणीसशे वीस.

एकशे अठ्ठावीस पिक्सेल जास्त.

दाबून बसवता येतं.
लग्नात मी करतो तसं,
नवरदेव उंच दिसतो, कोणी तक्रार करत नाही.
पण इथं टाळ लांबुळके झाले
आणि इस्तारी आजारी दिसायला लागला.

कापावं तर कोणाचं?
पोराच्या चौकटीत कोपरापासून कोपरापर्यंत पोरच.
बापाच्या डाव्या कडेला जागा होती:
हॅलोजनचा बांबू,
फाटका तट्टा,
खाली एक पोतडी.
मी कड धरून आत ओढली.
बांबू गेला, तट्टा गेला.

खुशालनं माझ्या हातावर हात ठेवला.
"थांब. ते पोतडी नोहोय."
मोठं करून पाहिलं.
दाणे फुटले, रंग विस्कटले, तरी दिसलं:
शालीत गुंडाळलेलं पोर,
तोंड उघडं,
एवढ्या गलक्यात गाढ.
"मीच होय थो."

कड जागेवर सोडली.
दोघांनाही थोडं लहान केलं,
सारख्याच मापानं.
वर तेहतीस रेघा काळ्या राहिल्या, खाली चौतीस.
गिऱ्हाईक काळं पाहिलं की पैसे कापतं;
हा काही बोलला नाही.

रेंडर लावलं.
मशीन आधी एक तास म्हणालं,
मग अडीच,
मग बावीस मिनिटं.
चहा सांगायला खाली उतरलो तर
खुशाल पायरीवर बसून
टाचेनं ठेका धरत होता,
चौथ्या गिरकीपाशी
जरासा थांबून.