बेबी ऑफ वैजयंता

उद्यमनगरात लेथवर बावीस वर्षं काढली.
दोन नळ्यांचा जोड म्हणजे काय, हे मला शिकवू नका.
पण बारटक्के बाईंनी पाठकोऱ्या कागदावर
डाव्या मूत्रपिंडाचं चित्र काढलं,
फुगलेलं, भरल्या वांग्यागत,
आणि देठाशी पेनाचं टोक टेकवलं :
इथं अडलंय.

पोर चार महिन्यांचं. सहा किलो शंभर.
पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीपासून
घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.
बारसं लांबवलं, म्हणून केसपेपरवर
नुसतं बेबी ऑफ वैजयंता.
पोट माझ्या तळव्याएवढं.
त्यावर चार हातांचं यंत्र वाकणार.

मला जे विचारता येतं तेच विचारलं :
"बाई, मशिनला प्ले किती?"
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
माझा हात थरथरला तरी
ती थरथर यंत्र गाळून टाकतं.
टोकापर्यंत जात नाही.
"स्पर्श मात्र कळत नाही हो.
धागा किती ताणलाय, ते डोळ्यांनीच ओळखायचं."

सकाळी साडेसातला आत नेलं.
वैजयंता दुपट्याची घडी घालायची, मोडायची.
मेव्हण्यानं राजारामपुरीतनं कटवडा आणला,
कटावर तेलाचा थर धरला, कुणी हात लावला नाही.
मी जिन्यात उभा राहून जॉब मनात फिरवत होतो :
अरुंद तुकडा काढायचा,
तोंड तिरकं छाटून रुंद करायचं,
जोडायचं, आत तात्पुरती नळी.
साधं काम आहे, म्हटलं.
फक्त बिघडलं तर
रॅकवरनं दुसरा पीस घेता येत नाही.

सव्वातीन तास.
काचेच्या दारातनं नुसतं बघायचं. हात लावायचा नाही.
बाईंसारखंच की.
पण माझी थरथर गाळायला
इकडं कुणी नव्हतं.

तिसऱ्या रात्री वॉर्डात त्याला उचलून घेतलं.
पोटावर वाटाण्याएवढ्या चार पट्ट्या.
आणि एकाएकी शर्टावर ऊन ओल,
छातीवरनं कोपरापर्यंत.
वैजयंता उठली, "द्या, बदलते."
म्हटलं, थांब.
त्याचं पुरं होऊ दे.

दीड महिन्यानं आतली नळी काढली.
बाईंना म्हटलं, बघू द्या जरा.
स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेली,
दोन्ही टोकांना वळलेली, शेवईएवढी.
खिशात व्हर्नियर होता,
सवयीनं हातात आला.
पुन्हा आत ठेवला.