फर्मा

शुक्रवारच्या बाजारात
एका हातात मोयऱ्याच्या केळ्यांची पिशवी,
दुसऱ्यात टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक,
असा तो आला. लोथार.
शिवोलीला बर्नादेतच्या घरात अकरा पावसाळे काढलेला म्हातारा.
"ओल," एवढंच म्हणाला, नि पुस्तक ठेवलं.

दोरा कुजलेला. पुठ्ठ्यावरचं कापड कसरीनं खाल्लेलं,
डिव्हिजनचा नंबर तीन आकडी,
मधला आकडा कसरीच्या पोटात.
लढाईतून परतलेल्यांनी आपल्यापुरतं छापलं होतं म्हणे.
ही बापाची प्रत.

मला ती भाषा येत नाही.
पण म्हापशात चाळीस वर्षं
देवस्थानच्या वह्या शिवल्या, पोर्तुगीज दस्त शिवले,
आकडे मला कळतात.
नकाशावर बाण आधी जाड, उजवीकडे सुटलेले.
मग बारीक. मग उलटे.
पहिल्या कोष्टकात माणसं सोळा हजारांवर, घोडे वेगळे.
शेवटच्यात घोड्यांचा रकानाच नाही,
माणसं दोनशे अठ्ठ्याऐंशी.
मागे नावं, दर नावापुढे इवलासा क्रूस,
आमच्या सिमितेरीत असतो तसाच.

मग त्यानं एक पान दाखवलं.
बोटानं नाही, हनुवटीनं.
विहीर. धूर. रांगेत उभ्या बायका,
एकीनं मुलाचे डोळे पदरासारख्या कशानं तरी झाकलेले.
बाजूला दोन शिपाई, फोटोसाठी हसणारे.
खाली एक ओळ. त्यात गावाचं नाव नाही, म्हणाला,
नुसती तारीख.
"हें नाका."

मी कात्री उचलली, आणि थांबलो.
फर्मा उलगडून त्याच्यापुढे धरला.
आठ पानांची घडी असते, साहेब,
तिसरं काढलं की सहावं सुटतं.
कागद एकच आहे, मधे फक्त दुमडलाय.

सहाव्यावर त्याचा बाप होता.
बाह्या सरसावून, भल्यामोठ्या पातेल्याशी,
मांडीत कुठूनसं आलेलं बकरीचं पिल्लू.

"उपाय?"
आहे. पट्टी लावून खळीनं चिकटवता येतं.
पण खळ गोव्यात दोन पावसाळे टिकते.
तिसऱ्याला बाप हातात येईल.

तो कोपऱ्यावर गेला, लिंबूसोडा मागवला,
ग्लास तसाच हातात धरून बसला.
मासळीवाल्या उठल्या, बाजार पांगला.
मी तोवर एका शाळेचं हजेरीपुस्तक पुरं केलं.

परतला तेव्हा त्याच्या वीसेक कोंकणी शब्दांतला
एकच काढला :
"शिंव."
पाठीवर सोनेरी नंबर घालू?
नको. मधला आकडा मी विचारला नाही,
त्यानं सांगितला नाही.
केळी मात्र काउंटरवरच राहिली.

रात्री दिव्याखाली तो फर्मा घेतला.
सुई आपसूक जुन्याच भोकांतून गेली,
तिसऱ्यातून सहाव्यात,
नवं एकही पाडावं लागलं नाही.